दुर्गादेवीचा दुष्काळ दगडात सापडतो का?

मागच्या अंकात ज्वारीच्या जुन्या वाणांबद्दल एका वाचकाला उत्तर देता देता मी सहज एक वाक्य टाकून गेले, की चौदाव्या-पंधराव्या शतकात आपल्या भागातला पाऊस बरीच वर्षं रोडावलेला होता आणि हे गुहेतल्या दगडावरून कळलंय. झालं, ज्वारी राहिली बाजूला आणि सगळं टपाल त्या दगडावरच आलं. म्हणून या वेळचं पान पूर्ण त्यालाच दिलंय. पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : बाई, ६०० वर्षांपूर्वी पाऊस कमी होता असं तुम्ही खुशाल लिहिता. आपलं हवामान खातंच सुरू झालं १८७५ ला. त्याच्या आधीचा पाऊस कुणी मोजला? आणि गुहेत काय पाऊस पडतो का? नीट उलगडून सांगा, घरातली पोरं पण वाचत्यात.
– निवृत्त शिक्षक, वडूज

उत्तर : गुरुजी, मोजला कुणीच नाही, सगळी पंचाईत तीच आहे. म्हणून मग ज्या गोष्टींवर त्या वेळच्या पावसाचा परिणाम झाला आणि ज्या अजून टिकून आहेत अशा गोष्टी शोधायच्या आणि तिथनं उलटं पावसापर्यंत जायचं. खोडातली वर्तुळं, तळ्याचा गाळ, हिमालयातल्या बर्फात अडकलेली धूळ, समुद्राच्या तळाला बसलेली बारीक जीवांची कवचं, असं बरंच काही आहे. आपल्या देशात पावसाच्या बाबतीत सगळ्यात कामाला आलेली वस्तू म्हणजे चुनखडीच्या गुहेत जमिनीतनं वर उगवल्यासारखा दिसणारा खांब, स्टॅलॅग्माइट.

गुहेत पाऊस पडत नाही पण पावसाचं पाणी येतं. ते वरच्या मातीतनं झिरपताना तिथला कार्बन डायॉक्साइड घेतं, त्यानं थोडं आंबट होतं, आंबट पाणी चुनखडी विरघळवत खाली जातं आणि गुहेच्या छताला थेंब होऊन लटकतं, तिथं वायू निसटून जातो आणि विरघळलेला चुना परत घट्ट होऊन मागं राहतो. थेंब जिथं टपकतो तिथंही तेच. वर्षाला मिलिमीटरचा एखादा अंश, त्यापेक्षा फार नाही, पण शेकडो वर्षं न थांबता.

आता त्यातला पाऊस कसा वाचायचा. पाण्यातल्या ऑक्सिजनचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात, बहुतेक १६ चे आणि अगदी थोडे १८ चे. ढगातनं पाऊस पडताना जड ऑक्सिजनवालं पाणी आधी खाली येतं, म्हणून पाऊस जितका जोराचा आणि लांबलेला तितकं मागनं येणारं पाणी हलकं होत जातं. तेच पाणी गुहेत उतरतं, त्यामुळं चांगल्या पावसाच्या वर्षीच्या थरात १८ चं प्रमाण घटतं आणि पाऊस ओढ देतो तेव्हा वाढतं. खांब उभा कापतात, कापलेली बाजू घासून गुळगुळीत करतात आणि दातांच्या डॉक्टरकडं असतं तसल्या बारीक ड्रिलनं एकेका थराची पूड काढतात. पूड किती, तर नखाच्या टोकावर मावेल एवढीच. ती मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या मशीनमध्ये जाते आणि १६ ला १८ किती पडतात ते कळतं.

राहिलं साल. इथं निसर्गानं आपली मोठी सोय करून ठेवलीय. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे थर तयार होतो त्या दिवशी त्यात थोडं युरेनियम असतं आणि थोरियम नसल्यात जमा. मग युरेनियमचं थोरियम ठरलेल्या गतीनं होत राहतं, तेव्हा आज त्या थरात दोन्ही किती आहेत हे मोजलं की थराचं वय निघतं. शाळेत शिकवलेलं कार्बनचं वय काढणं वेगळं, त्यात काही दशकं इकडंतिकडं व्हायची भीती असते. हे त्या मानानं बरंच नेमकं आहे.

आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छत्तीसगडमधल्या बस्तरच्या कांगेर खोऱ्यातल्या दंडक गुहेच्या खांबावर हे सगळं केलं आणि २००७ मध्ये इ.स. ६०० ते १५०० या ९०० वर्षांचा पावसाचा चढउतार मांडला. त्यात चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या मध्याला पाऊस वर्षानुवर्षं घटलेला दिसतो. मागच्या अंकातलं माझं वाक्य आलं ते तिथनं.

प्रश्न : मग पार बस्तरला कशाला जायचं? आपल्याकडं गुहा काय कमी आहेत का, कऱ्हाडला आगाशिव आहे, शिवाय किल्ल्यावरच्या पाण्याच्या टाक्या, कपारी. आपल्याच दगडाला विचारा की.
– एक वाचक, पाटण

उत्तर : विचारलं असतं हो, पण आपला दगड या बाबतीत मुका आहे. आगाशिव म्हणजे माणसानं छिन्नीनं कोरलेली लेणी, आणि कोरलीत ती बेसाल्टात. सगळा सह्याद्री ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास बाहेर पडलेल्या लाव्ह्याच्या थरांचा. पाण्यानं विरघळून आत मोठ्या गुहा व्हाव्यात आणि थेंबाथेंबानं खांब उभे राहावेत याला चुनखडीची जाड रास लागते, ती आपल्या घाटात नाही. कातळाच्या भेगेत पांढरं काहीतरी साठलेलं दिसतं, त्यावरून ९०० वर्षांचा हिशोब लागत नाही.

पण आपण अगदीच रिकाम्या हातानं नाही. साताऱ्याहून तासाभरात कासला पोचता ना, फुलांचे फोटो काढता, २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे म्हणून पाहुण्यांना मिरवून दाखवता, तिथल्याच पावसाळ्यात भरणाऱ्या एका तळ्याचा गाळ पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तिरुअनंतपुरमच्या पृथ्वीविज्ञान केंद्राच्या लोकांना घेऊन तपासलाय. गाळ ८,००० वर्षांहून जुना निघाला. त्यातले परागकण बघायचे, म्हणजे तेव्हा भोवती झाडी कसली होती ते कळतं, कारण परागकणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की ॲसिडात उकळलं तरी जात नाही. आणि डायटम बघायचे, म्हणजे काचेच्या डबीत राहणारी एकपेशी शेवाळं. कुठली जात स्वच्छ खोल पाण्यात वाढते, कुठली उथळ पाण्यात आणि कुठली घाण झालेल्या पाण्यात हे माहीत असतं. त्या गाळावरून साधारण ८,६०० वर्षांपूर्वी पाऊस घटून कोरडं व्हायला लागलं असं निघालं. अलीकडच्या हजारेक वर्षांच्या थरात मात्र प्रदूषण सोसणाऱ्या डायटमची गर्दी झालेली दिसते.

मध्ययुगातला एखादा दुष्काळ मात्र असल्या गाळात शोधू नका. सावकाश साठणाऱ्या तळ्यात एका बोटाच्या जाडीत कितीतरी वर्षं दाबलेली असतात, त्यात तळ्यात गुरं उतरतात, किडे-गांडुळं गाळ वरखाली करतात. शतकांचा कल कळतो, साल कळत नाही.

प्रश्न : मॅडम, आमच्यात म्हातारी माणसं दुर्गाडीच्या दुष्काळाचं नाव घ्यायची. तो खरंच १२ वर्षं होता काय? दगड काय सांगतो, आणि कागदपत्र काय सांगतात, दोन्हीचा मेळ बसतो का ते लिहा. आम्ही दुष्काळातलेच, त्यामुळं विचारतोय.
– एक डाळिंबवाले, आटपाडी

उत्तर : या प्रश्नाला पानभर दिलं तरी कमी पडेल.

आधी कागद. दुर्गादेवीचा, म्हणजे तुमचा दुर्गाडीचा, दुष्काळ १३९६ ला सुरू झाला आणि १२ वर्षं चालला हे आपल्यापर्यंत पोचलं त्यात ग्रँट डफचा वाटा मोठा. हा साहेब १८१८ नंतर साताऱ्यालाच होता, छत्रपतींच्या दरबारी कंपनीचा माणूस म्हणून, आणि मराठ्यांचा इतिहास त्यानं १८२६ ला छापला. त्यात तो लिहितो की मुलूख ओस पडला आणि डोंगरी किल्ले स्थानिक पाळेगार-लुटारूंच्या हातात गेले. आता डफनं हे लिहिलं घटनेनंतर ४०० हून जास्त वर्षांनी, आणि १२ वर्षांचा आकडा तो स्वतः लोकांत चालत आलेल्या कथेवरून देतो. शिवाय १२ हा आकडा आपल्याकडं फार लाडका. १२ वर्षं तप, १२ वर्षं वनवास, कुत्र्याचं शेपूट १२ वर्षं नळीत घातलं तरी वाकडंच म्हणत्यात. म्हणून नुसत्या कागदावर मी भरवसा ठेवला नसता.

आता दगड. दंडकच्या खांबात चौदावं शतक संपता संपता आणि पुढं पाऊस घटलेला दिसतो आणि हे काम करणाऱ्यांनी स्वतःच दुर्गादेवीच्या दुष्काळाशी त्याची सांगड घातलीय. १४६० च्या आसपासचा दामाजीपंतांचा दुष्काळ, मंगळवेढ्याचं कोठार उघडून धान्य वाटल्याची आणि विठोबानं विठू महार होऊन बिदरला रक्कम भरल्याची गोष्ट आपण ऐकत आलोय, तोही पंधराव्या शतकातल्या त्या दुबळ्या पावसाच्या काळातच येतो. बस्तरच्या एका अंधाऱ्या गुहेत चुना साठत होता, त्याला ना बिदर माहीत ना मंगळवेढं, तरी ओढ दिलेली वर्षं जुळतात म्हणजे गंमतच आहे.

पण इथंच थांबलो तर लबाडी होईल. दगड सांगतो की पाऊस सरासरीनं घटला, १२ वर्षं आभाळ कोरडं होतं असं तो सांगत नाही. लागोपाठ १२ वर्षं मान्सून आलाच नाही असं कधी घडत नाही. चार वर्षं वाईट, एक बरं, परत तीन वाईट, आणि त्या एका बऱ्या वर्षात पेरायला बी नाही, औताला बैल नाही, माणसं मुलूख सोडून गेलेली, म्हणजे पाऊस पडून पण पीक नाही. त्यात दख्खनमध्ये बहमनी राज्य, विजयनगराशी लढाया, सैन्यं धान्य उचलून नेणार. पाऊस कमी पडणं हे आभाळाचं आणि दुष्काळ पडणं हे बरंचसं माणसांचं, हे माणदेशातल्या माणसाला मी काय सांगायचं, १९७२ तुमच्या घरात कुणी ना कुणी बघितलेला असणारच.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे आणि ती फार कमी लोक बोलतात. बस्तर पडतं मान्सूनच्या मुख्य पट्ट्यात, तिथला पाऊस म्हणजे जुलै-ऑगस्टचा पाऊस. आटपाडी, जत, माण, खटाव या पट्ट्याला जुलैचा पाऊस कधी नीट मिळालाय? ढग महाबळेश्वरला रिकामे होतात आणि आपल्याला नुसता वारा. आपलं सगळं अवलंबून सप्टेंबरवर, उत्तरा-हस्ताच्या पावसावर, रब्बीची ज्वारी त्याच्यावर. बस्तरला आषाढ-श्रावण कोरडे गेले आणि इकडं हस्त बरसला असं होऊ शकतं आणि उलटंही होऊ शकतं. म्हणून दंडकचा खांब सगळ्या देशाचा मान्सून कसा होता याला चांगला साक्षीदार, पण आटपाडीत त्या साली ज्वारी किती झाली हे तो सांगू शकत नाही. जो सांगतो असं म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तिसरी गोष्ट लोणारची. बुलढाण्यातलं उल्कापातानं झालेलं खारं सरोवर, २०२० ला पाणी गुलाबी झालं म्हणून पेपरात आलं होतं तेच. त्याच्या तळातनं नळीनं काढलेल्या गाळात सुमारे ११,००० वर्षं सापडली. पाणी आटत आटत अतिशय खारं झालं की गेलुसाइट नावाच्या खनिजाचे खडे गाळात तयार होतात, ते खडे दिसले की समजायचं तळं आटलेलं होतं. सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१४ ला ते प्रसिद्ध केलं आणि दोन लांब कोरडे काळ दाखवले, एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. आता हिशोब करा, ६०० वर्षांपूर्वी म्हणजे दुर्गादेवीच्या आसपास. लोणार म्हणतं तेव्हा कोरडा काळ संपत होता, दंडक म्हणते तेव्हा दुबळा पाऊस चालू होता! कोण खोटं? मला विचाराल तर कुणीच नाही. लोणारचं तळं शतकांच्या हिशोबात चालतं, पाऊस किती आला आणि ऊन किती लागलं याची वजाबाकी त्यात उतरते, तिथं दहा-वीस वर्षांची ओढ पुसून जाते. दंडकचा खांब वर्षा-दोन वर्षांचं बोलतो, पण त्यात ढग अरबी समुद्राकडनं आले की बंगालच्या उपसागराकडनं याचाही रंग मिसळलेला असतो. दोन साक्षीदार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात आणि आपण त्यांच्याकडं एकाच प्रश्नाचं उत्तर मागतो. माझं मत विचाराल तर चौदाव्या-पंधराव्या शतकात पाऊस दुबळा होता यावर मी पैज लावेन, १२ वर्षांवर लावणार नाही.

प्रश्न : यूट्यूबवर बघितलं की मध्ययुगानंतर छोटं हिमयुग आलं होतं. तेव्हा आपल्याकडं बर्फ पडत होता का?
– इयत्ता नववी, तासगाव

उत्तर : नाही रे बाळा. नावावर जाऊ नकोस. साधारण १४५० ते १८५० या काळात युरोपात आणि इतर काही भागांत थंडी वाढली होती, सरासरी तापमान एखाद्या अंशाच्या आतबाहेर घसरलं होतं, त्याला ते नाव पडलं. द्राक्षाच्या बागेला थंडी जरा जास्त बाधली असती एवढंच, म्हणजे तासगावात तेव्हा बागा असत्या तर.

प्रश्न : बाई, आम्ही नदीकाठची माणसं, आमचं दुःख दुष्काळाचं नाही, पुराचं. २००५ बघितला, २०१९ बघितला, २०२१ बघितला. आता जो तो म्हणतोय असला पूर पूर्वी कधी आलाच नव्हता. जुने पूर शोधता येतात का?
– एक गृहिणी, सांगली

उत्तर : येतात, आणि कसे शोधतात ते तुम्हाला सगळ्यात लवकर कळेल. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ते उतरल्यावर घरात काय राहिलं होतं आठवा. भिंतीवर पाण्याची रेघ, आणि फरशीवर मऊ, गुळगुळीत, बोटभर गाळाचा थर, फ्रीजच्या मागं आणि कपाटाच्या खाली जरा जास्तच, कारण तिथं पाणी शांत उभं होतं. भूवैज्ञानिक नेमकं तेच शोधतात, फक्त शेकडो वर्षं जुनं.

नदी जिथं अरुंद दगडी घळीतनं जाते तिथं मोठ्या पुराचं पाणी बाजूच्या ओढ्यांच्या तोंडात उलटं शिरतं, तिथं वेग मरतो आणि बारीक वाळू-गाळ खाली बसतो. पुढचा तितकाच मोठा पूर आला की त्यावर दुसरा थर. ओढ्याच्या काठाची उभी भिंत साफ केली की हे थर एकावर एक दिसतात. थर किती उंचीवर आहे त्यावरून पाणी निदान तिथपर्यंत तरी चढलं होतं हे ठरतं, घळ दगडी असल्यानं तिचा आकार फारसा बदललेला नसतो, त्यामुळं किती क्युसेक वाहिलं असेल याचाही अंदाज बांधता येतो. थरांत अडकलेला कोळसा सापडला तर कार्बनवरून वय काढायचं, खापराचे तुकडे मिळाले तर त्यांचीही मदत होते.

पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले विश्वास काळे यांनी हयातभर हे काम केलं. नर्मदा-तापीकडच्या घळी त्यांनी पिंजून काढल्या. २००६ मध्ये त्यांनी आणि ॲरिझोनाच्या व्हिक्टर बेकर यांनी मिळून मांडलं की मध्य आणि पश्चिम भारतातल्या नद्यांना छोट्या हिमयुगाच्या शतकांमध्ये मोठे पूर जवळजवळ आलेच नाहीत, सगळे लहान लहान. वरच्या तासगावच्या पोराचं उत्तर आणि हे एकत्र वाचा, आपल्याकडं त्या काळाची खूण बर्फात नाही, नदीत सापडते.

पण ताई, हे कृष्णेला तसंच्या तसं लावू नका. नर्मदा-तापीचे मोठे पूर येतात ते बंगालच्या उपसागरातनं आत सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळं. सांगलीचं पाणी म्हणजे घाटमाथ्यावरचा पाऊस, कोयना-वारणा-पंचगंगा सगळ्या एकदम फुगणं, धरणांतनं पाणी कधी आणि किती सुटलं, आणि नदीच्या पात्रात आपण काय काय बांधून ठेवलंय ते. शिवाय सांगलीजवळ नदी मऊ गाळातनं वळणं घेत जाते, काठ ढासळतात, पात्र सरकतं, पुराचे जुने थर तिथं नीट टिकत नाहीत. त्यामुळं असा पूर पूर्वी कधी आलाच नव्हता असं छातीठोक म्हणणाऱ्यांना विचारा की तुम्ही तो शोधला कुठं? नाही सापडला म्हणजे नव्हता असं होत नाही.

प्रश्न : मध्ययुगात आजच्यापेक्षा जास्त गरम होतं असं मी वाचलंय. तेव्हा कारखाने नव्हते, गाड्या नव्हत्या. मग ग्लोबल वॉर्मिंग वगैरे सगळं थोतांडच म्हणायचं का?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कऱ्हाड

उत्तर : अर्धं वाचलंयस. ह्यूबर्ट लँब या इंग्लंडच्या हवामान अभ्यासकानं १९६५ मध्ये मध्ययुगातल्या उबदार काळाची कल्पना मांडली, पण त्याचा बराचसा आधार इंग्लंड आणि पश्चिम युरोपातला होता. उत्तर अटलांटिकच्या आसपास साधारण ९५० ते १२५० या काळात ऊब होती हे खरंच आहे. प्रश्न आहे तो सगळ्या जगात आणि एकाच वेळी होती का. त्यासाठी जगभरातली झाडं, बर्फ, गाळ, प्रवाळ, खांब यांच्या शेकडो नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात दिसलं की जुने उबदार काळ वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या शतकांत येऊन गेले, एकाच वेळी सगळीकडं नाही. आणि गेल्या २,००० वर्षांतला सगळ्यात उबदार काळ पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून जास्त भागात विसाव्या शतकातच येतो. तुझ्या दाव्यातला पहिला भाग काही प्रदेशांपुरता टिकतो, दुसरा कुठंच टिकत नाही. आणि समजा तेव्हा सगळीकडंच गरम असतं तरी कारण वेगळं असू शकलं असतंच की, वणवा विजेनंही लागतो आणि काडेपेटीनंही.

प्रश्न : आमच्या गावात देवळापुढं प्रचंड वड आहे, ५०० वर्षांचा म्हणत्यात. आणि दुसरं, आमचा जुना वाडा उतरवायचाय, सगळं सागवान आहे. यातलं काही तुमच्या या अभ्यासाच्या कामाचं आहे का?
– एक वाचक, वाई तालुका

उत्तर : वडाला हात जोडा आणि सोडून द्या. वडाच्या खोडात वर्षाचं असं स्पष्ट वर्तुळ पडत नाही, पारंब्या जमिनीत उतरून नवी खोडं होतात, मूळ खोड बहुतेक पोकळ झालेलं असतं, वय सांगणारे सगळे अंदाजपंचे.

वाड्याचं मात्र ऐका. आपल्याकडं ज्या मोजक्या झाडांना वर्षाला एक अशी नीट वर्तुळं येतात त्यात सागवान पहिलं. उन्हाळ्यात पानं गाळून ते झोपतं, पाऊस पडला की परत वाढायला लागतं आणि त्या सुरुवातीच्या लाकडात मोठ्या छिद्रांची ओळ दिसते, नुसत्या भिंगातनं पण दिसते. पाऊस चांगला तर वर्तुळ रुंद, ओढ दिली तर चिंचोळं. पुण्याच्या आयआयटीएमच्या, म्हणजे उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या, लोकांनी केरळातल्या सागवानावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची अखंड मालिका बांधलीय, आणि त्यात एल निनोच्या, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या, कमी पावसाच्या वर्षी वाढ खुंटलेली दिसते. अशा मालिकेची परीक्षा पण घेतात, हे लोकांना माहीत नसतं. पर्जन्यमापकावर मोजलेली जी काही दीडशे वर्षं हातात आहेत त्यातला अर्धा काळ घेऊन वर्तुळाचा आणि पावसाचा संबंध ठरवायचा, आणि उरलेल्या अर्ध्या काळाचा पाऊस नुसत्या वर्तुळांवरून सांगून बघायचा. जमला तरच मागं जायचं. आशियाभरच्या ३०० हून जास्त अशा मालिका जुळवून एडवर्ड कुक यांच्या गटानं २०१० ला १३०० सालापासूनचा दुष्काळाचा नकाशा केला, दर वर्षाचा एक. आपल्या भागात त्यातली झाडं फार कमी, म्हणून आपल्या भागासाठी तो नकाशा बराचसा लांबच्या झाडांवरून काढलेला अंदाज आहे. तुमच्या वाड्यासारख्या लाकडाची किंमत त्यामुळंच.

जिवंत झाड फार तर काही शतकं मागं नेतं, त्याच्या मागं जायला जुनी लाकडं लागतात. दोन्हीतली रुंद-चिंचोळी वर्तुळं फाटलेल्या पावतीच्या दोन तुकड्यांसारखी जुळवतात, जुळली की जुन्या लाकडातल्या प्रत्येक वर्तुळाला साल मिळतं. अमेरिकेत ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञानं हे तंत्र उभं केलं, जुन्या वस्त्यांच्या तुळया घेऊन, आणि १९२९ मध्ये एका जळक्या तुळईनं त्याच्या मालिकेतला खंड भरून निघाला. जळकं लाकूड होतं, कुणी चुलीत घातलं असतं तर?

तेव्हा वाडा उतरवाल तेव्हा सगळ्या तुळया आणि खांब जुन्या सागवानाच्या व्यापाऱ्याला एकगठ्ठा देऊ नका. तो रंधा मारून पहिली बाहेरची बाजूच काढतो, आणि आपल्याला नेमकी तीच लागते, कारण झाड कधी तोडलं ते शेवटच्या वर्तुळावरून कळतं. ज्या तुळईवर सालीचा अंश किंवा कडेचं पांढरट लाकूड राहिलंय तिचा तळहाताइतक्या जाडीचा आडवा काप करवतीनं काढून घ्या. वाळवी लागलेली चालेल, फक्त गाभ्यापासून कडेपर्यंत एक तरी पट्टा शाबूत हवा. तेल, वॉर्निश काही लावू नका. कापावर पेननं लिहा कुठल्या सोप्यातली, कुठल्या बाजूची तुळई, आणि उतरवण्याआधी जागेवरचा फोटो काढा. लाकूड कुठनं आणलं होतं याचा घरात काही कागद असला, जावळीतनं आलं की कोकणातनं की कारवारकडनं, तर तो त्याच्याबरोबर ठेवा, नाहीतर पाऊस कोकणचा आणि आपण तो वाईच्या नावावर मांडून बसू. कागद नसला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून निदान तोंडी माहिती लिहून ठेवा. मग पुण्याला आयआयटीएमला पत्र टाका, फोटो जोडा आणि आधी विचारा, काप पोस्टानं पाठवायची घाई नको.